ओले माप

विश्रांतवाडीच्या चौकातून आळंदी रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर डाव्या हाताला श्रीधर दाते यांचा पेट्रोल पंप लागतो. पावतीवर त्याचे नाव वेगळेच छापलेले असते. पण कळस, धानोरी, दिघी या भागातली माणसे एकमेकांना पत्ता सांगताना 'बाईंचा पंप' असेच म्हणतात. या बाई म्हणजे श्यामलाताई गवई. पंपाच्या मालकीत त्यांचा एक नटबोल्टही नाही. अठरा वर्षे त्या तिथे नोकरी करतात, इतकेच.

श्यामलाताई मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या, मेहकर तालुक्यातल्या. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई होते. घरात बाबासाहेबांची एक तसबीर आणि तिच्याखालच्या फळीवर ओळीने लावलेली थोरल्या भावंडांची पाठ्यपुस्तके, एवढीच काय ती सजावट. बारावीला गणितात त्यांना ब्याऐंशी गुण होते आणि त्या गुणांचे पुढे काय करायचे हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. लग्न होऊन त्या पुण्याला आल्या. नवरा कामाला होता तो भोसरीतला कारखाना बंद पडला तेव्हा मुलगी अक्षता दोन वर्षांची होती. शेजारणीकडून कळले की पेट्रोल पंपावर आता बायकांनाही घेतात, म्हणून एका सकाळी त्या दात्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"उभं राहता येतं का?" दात्यांनी विचारले.

"किती वाजेपर्यंत?" श्यामलाताईंनी विचारले.

दाते हसले नाहीत. ते सहसा हसत नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून श्यामलाताई कामावर होत्या.

त्यांना हे काम शिकवले सीतारामभाऊंनी. भाऊ चऱ्होलीचे, त्यांनी दात्यांच्या वडिलांच्या काळापासून पंप पाहिलेला. जमिनीखालच्या टाकीत पितळी दांडी सोडून तेल किती उरले ते कसे पाहायचे, दांडीच्या टोकाला लेप लावून तळाशी पाणी आले आहे का ते कसे ओळखायचे, टँकर आला की उंच काचेच्या नळीत पेट्रोल घेऊन त्याची घनता कशी मोजायची, हे सगळे त्यांनी दाखवले. घनतेचा आकडा त्या दिवशीच्या उष्म्यानुसार बदलतो आणि तो पंधरा अंशांवर आणून टँकरच्या कागदाशी ताडून पाहावा लागतो. त्यासाठी मोठे कोष्टक असते. सीतारामभाऊ ते कोष्टक बोटाने चाचपडत वाचत. श्यामलाताईंनी ते महिन्याभरात पाठ केले. ब्याऐंशी गुण अखेर कुठेतरी कामाला आले.

पूर्वी पेट्रोलचे भाव पंधरवड्याला बदलत. आदल्या संध्याकाळी वाढीची कुणकुण लागली की रस्त्यापर्यंत रांग जाई. मग भाव रोज सकाळी सहाला बदलू लागले आणि लोकांचा राग कोणत्या दिवसावर काढावा हेच समजेनासे झाले. पुढे कितीतरी महिने भाव जागचा हललाच नाही, तरी लोक रागावलेलेच राहिले. तो राग नोझल हातात धरलेल्या माणसावर निघतो, हे श्यामलाताईंनी लवकर ओळखले. कोणी म्हणे, "काय बाई, आज किती लुटणार?" त्या शांतपणे सांगत, "शंभराची नोट दिलीत ना, त्यातले निम्म्याहून थोडे जास्त तेल काढण्यात, गाळण्यात आणि आणण्यात गेले. उरलेल्यातला बहुतेक कर. काही दिल्लीचा, काही मुंबईचा. पंपाला राहिले चार रुपयांच्या आसपास. त्यातून माझा पगार. आता सांगा, कुणावर ओरडायचं?" बहुतेक माणसे निमूट किक मारत. एखादा म्हणे, "तरी तुमच्यावरच ओरडतो, दिल्ली लांब पडते." त्यावर श्यामलाताईही हसत.

भावाबद्दल त्यांचे एक वाक्य ठरलेले होते, "भाव माझ्या हातात नाही. माप माझ्या हातात आहे."

या वाक्यावरच पंपाला 'बाईंचा' हे नाव पडले असावे. पुण्यात अनेकांचा असा पक्का समज आहे की शंभर, दोनशे अशा ठरीव आकड्यांवर यंत्रात लबाडी केलेली असते; म्हणून ते एकशे दहाचे टाका, दोनशे वीसचे टाका, असे सांगतात. श्यामलाताई कधी वाद घालत नसत. त्या फक्त म्हणत, "आकडा आवडीचा सांगा. माप तेच मिळेल." आणि खरोखरच, रोज सकाळी गर्दी सुरू होण्यापूर्वी त्या चारही नोझलचे माप घेत.

हे माप म्हणजे पाच लिटरचे, सरकारी शिक्क्याचे धातूचे भांडे. खाली फुगीर पोट, वर अरुंद मान, मानेला काचेची खिडकी आणि खिडकीवर रेघा. यंत्रावर पाच लिटर लावून भांडे भरायचे आणि खिडकीत पेट्रोल कुठवर आले ते पाहायचे. मधल्या रेघेवर आले तर बरोबर पाच. खाली राहिले तर कमी, वर गेले तर जास्त. पाच लिटरमागे पंचवीस मिलिलिटर इकडेतिकडे झाले तर कायदा बोलत नाही. त्याहून कमी भरले तर ते नोझल त्या क्षणी बंद करावे लागते. या भांड्याची एक खोड आहे. ते कोरडे असताना वाचायचे नसते. रिकामे केले तरी आतल्या अंगाला थोडे पेट्रोल चिकटून राहते, आणि भांड्यावरच्या रेघा ते चिकटलेले धरूनच आखलेल्या असतात. म्हणून पहिली भरती नुसती भांडे ओले करण्यासाठी. ती ओतून टाकायची, भांडे तीस आकडे मोजेपर्यंत उपडे धरायचे आणि मग दुसरी भरती वाचायची.

गेल्या पावसाळ्यात श्यामलाताईंचा उजवा खांदा धरला. हात कानाच्या वर जाईना. डॉक्टरांनी सांगितले की उभ्याचे, उचलण्याचे काम सोडा, नाहीतर हा हात कायमचा राहील. योगायोगाने पंपाचे जुने मॅनेजर दिवाळीनंतर निवृत्त होणार होते. दात्यांनी एके दिवशी हिशेबाच्या खोलीतून बाहेर येत, आभाळाकडे पाहत सांगितले, "गवईबाई, एक तारखेपासून आतल्या खुर्चीवर बसा. कंपनीला तुमचं नाव कळवतोय. आतला पंखा आवाज करतो, त्याची तक्रार माझ्याकडे आणू नका."

श्यामलाताईंना त्या खुर्चीचे महत्त्व नेमके माहीत होते. ती मिळाली तर नोकरी राहणार होती, अक्षताचे फार्मसीचे शेवटचे वर्ष पार पडणार होते. ती मिळाली नाही, तर या खांद्यानिशी बाहेर फार दिवस निघणार नव्हते. एक तारखेला नऊ दिवस उरले होते. तोवर सकाळचे माप सीतारामभाऊ उचलत आणि श्यामलाताई वाकून मान वाचत.

त्या महिन्यात वाचन मोठे छान येत होते. एक, दोन आणि चार नंबरची नोझल पाच लिटरला वीसेक मिलिलिटर जास्त देत होती. तीन नंबर तेवढे पंधरा मिलिलिटर कमी देत असे, पण तेही कायद्याच्या आत. दाते वही पाहून म्हणाले, "आपण पेट्रोलची पाणपोई उघडली आहे हे मला कुणी कळवलं नाही." पुढच्या महिन्यात मेकॅनिकला बोलावायचे ठरले. श्यामलाताईंना मात्र मनातून बरेच वाटत होते. गिऱ्हाइकाच्या पदरात चार थेंब जास्त पडत असतील तर त्यांचे काही बिघडत नव्हते.

मंगळवारी सकाळी साडेआठच्या सुमारास श्यामलाताई हिशेबाच्या खोलीत सकाळचे आकडे वहीत उतरवत होत्या, तेव्हा सीतारामभाऊ धावत दाराशी आले.

"ताई, भायेर या. एक पोरगा लय तापलाय. टाकीत मावतं त्याच्यापेक्षा जास्ती पेट्रोल घातलं म्हंतोय. आता तुम्हीच सांगा, मी काय बोटानं दाबून बसवलं का?"

तीन नंबरपाशी एक तरुण मोटरसायकल आडवी लावून उभा होता. गळ्यात हिंजवडीतल्या कुठल्याशा कंपनीचे ओळखपत्र, हातात फोन, आणि फोनचा कॅमेरा सुरू. त्याच्यामागे दहाबारा गाड्या अडकल्या होत्या. ओळखपत्रावर नाव होते आयुष.

"मॅडम, बेसिक मॅथ्स आहे," तो म्हणाला. "कंपनी म्हणते टाकी तेरा लिटरची. तुमचं मशीन म्हणतं तेरा पॉइंट चार गेलं. वर टाकीत आधीचं थोडं होतंच. मग कोण खोटं बोलतंय, कंपनी की मशीन?"

"दोघंही नाही," श्यामलाताई म्हणाल्या. "कंपनी सांगते ते हवेला जागा सोडून. तुम्ही काठोकाठ भरायला सांगितलंत. काठोकाठ भरली की टाकीत जास्तच मावतं."

"सगळे पंपवाले हेच सांगतात. व्हॉट्सॲप ग्रुप आहे का तुमचा?"

मागून कोणी तरी हसले. तेवढ्यात दाते बाहेर आले. त्यांनी फोनकडे पाहिले, मग खांबावरच्या पाटीकडे. "पंपावर मोबाइल वापरू नये असं इथं लिहिलंय. मराठीत आहे, म्हणून दिसलं नसेल."

"काका, मला पाच लिटरचं माप पाहिजे," आयुष म्हणाला. "कस्टमरचा राइट आहे तो. आणि मी रेकॉर्ड करणार."

"हक्क आहेच," श्यामलाताई म्हणाल्या. "माप देते. तुम्ही त्या पिवळ्या पट्ट्यामागे उभे राहा आणि तिथून काय घ्यायचं ते घ्या. आकडा वाचायला तुमच्या मनाचा माणूस पुढे पाठवा."

रांगेत जुन्या स्कूटरवर पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. ते आपणहून पुढे झाले. चष्मा पुसत म्हणाले, "मी वाचतो. मोतीबिंदू झालाय, पण तो दुसऱ्या डोळ्याला."

सीतारामभाऊंनी लाकडी पेटीतून माप काढून समतळ फरशीवर ठेवले. श्यामलाताई म्हणाल्या, "पहिली भरती वाचायची नसते. ती भांडं ओलं करायला."

"काऊन नाही वाचायची?" आयुष उसळला. "तीच वाचायची! ओलं करायच्या नावाखाली काय करता ते आम्हाला काय माहीत?"

'काऊन' ऐकून श्यामलाताई क्षणभर थबकल्या. रागात माणसाच्या तोंडून गाव बाहेर पडते. "अकोल्याकडचे का?"

"मूर्तिजापूर. त्याचा इथं काय संबंध?"

"काही नाही. माप पुण्याचंच आहे. वाचा पहिली."

सीतारामभाऊंनी पाच लिटर भरले. पोस्टातले गृहस्थ गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि मोठ्याने म्हणाले, "उणे तीस."

रांगेत कुजबुज झाली, मग ती कुजबुज राहिली नाही. "म्हणजे पाचाला तीस?" "रोज किती गाड्या येतात हिशेब करा!" "बाईंचा पंप म्हणे!" आयुषने फोन उंच धरला. दात्यांच्या कपाळाची शीर ताठ झाली.

श्यामलाताईंचा आवाज चढला नाही. "आता भांडं ओलं झालं. यापुढचं मी स्वतः करते, म्हणजे भाऊंचा हात लागला असं कुणी म्हणायला नको." त्यांनी डाव्या हाताने कडी धरली, उजवा हात जेवढा जाईल तेवढा खालून पोटाला लावला, आणि भांडे जमिनीखालच्या टाकीच्या तोंडापर्यंत नेऊन उपडे केले. खांद्यातून कळ गेली. धार थांबली तशी त्या मोठ्याने मोजू लागल्या. "एक, दोन, तीन..."

लोकही मोजू लागले. कोणी तरी गणपतीत मोजतात तसा सूर लावला. श्यामलाताईंचा उजवा तळवा भांड्याच्या पोटावर होता. सतराव्या आकड्याला त्यांचा अंगठा भांड्यामागच्या बाजूला एका खळग्यात गेला.

त्या थांबल्या.

"अठरा," लोकांनीच म्हटले. "ताई, अठरा!"

"अठरा," त्या म्हणाल्या, आणि पुढे मोजत राहिल्या. पण आता मन मोजत नव्हते. अंगठा त्या खळग्याच्या कडेने फिरत होता. आमटीच्या डावाचे बूड दाबून बसवावे तेवढा पोचा. कडीच्या मागे, खाली. पेटीत ठेवले की लाकडाकडे जाणारी बाजू. महिनाभर त्यांनी रोज या भांड्याची मान वाचली होती. पोटाला हात लावला नव्हता. पोटाला पोचा आला की भांड्यात जागा कमी होते. जागा कमी झाली की तेवढ्याच पेट्रोलने रेघ वर चढते. तीन यंत्रे एकाच महिन्यात एकदम उदार कशी झाली, याचे त्यांना नवल वाटायला हवे होते. त्यांना त्याचे कौतुक वाटले होते. एक, दोन आणि चार नंबर जास्त देत नव्हतेच. आणि तीन नंबर, जे पंधरा कमी देते असे त्या लिहीत आल्या होत्या, ते खरोखर चाळीसच्या घरात कमी देत होते.

"तीस!" रांग ओरडली.

त्यांनी भांडे खाली ठेवले. सीतारामभाऊंनी पुन्हा पाच लिटर भरले. काय वाचले जाणार हे आता त्यांना आधीच ठाऊक होते.

"उणे पंधरा," पोस्टातले गृहस्थ म्हणाले. "पंचवीसच्या आत आहे की हो."

रांगेतला ताण सैल झाला. ज्यांनी मघाशी हिशेब मांडला होता ते आता दुसरीकडे पाहू लागले. आयुषने फोन थोडा खाली केला. "म्हणजे... पहिल्या वेळेला ते कोरडं होतं म्हणून कमी दिसलं?"

"हो," श्यामलाताई म्हणाल्या. "तेलाची बाटली पालथी केली तरी आत तेल राहतंच ना, तसं."

"ओके. मग... सॉरी, मॅडम." तो खरोखरच ओशाळला होता. "मी व्हिडिओ टाकत नाही."

दाते जवळ आले आणि समाधानाने, पण स्वर कोरडा ठेवून म्हणाले, "चला. विद्वत्सभा बरखास्त. गाड्या पुढे घ्या."

यापुढे काही बोलण्याचे कारण नव्हते. भांडे पेटीत गेले असते. संध्याकाळी नवे माप मागवता आले असते, उद्या मेकॅनिक आला असता, तीन नंबर दुरुस्त झाले असते. कोणाचेही नाव न जाता सगळे ठीक झाले असते आणि नऊ दिवसांनी खुर्ची मिळाली असती. श्यामलाताईंनी हे सगळे, भांड्यावर हात ठेवून उभ्या असताना, गणित सोडवावे तसे पायरीपायरीने पाहिले. कुठेही चूक सापडत नव्हती. फक्त उत्तर त्यांचे नव्हते.

"थांबा," त्या आयुषला म्हणाल्या. "कॅमेरा बंद करू नका."

दात्यांनी मान वळवली.

"या मापाला मागून पोचा आलाय. मला आत्ता, उपडं धरल्यावर हाताला लागला. पोचा आलेलं माप नोझलच्या बाजूनं बोलतं. आत्ता पंधरा कमी दिसलं ते खरं चाळीसच्या आसपास असणार. टाकीचं तुमचं म्हणणं चूक होतं. कोरड्या मापाचंही चूक होतं. पण पेट्रोल कमी मिळालं, हे बरोबर होतं."

 मागच्या एका रिक्षावाल्याने इंजिन बंद केले.

"गवईबाई," दाते हलक्या आवाजात म्हणाले, "जरा आत येता?"

"येते, साहेब. आधी तीन नंबर बंद करते."

त्यांनी यंत्राचे बटण दाबले, नोझल खाचेत ठेवून त्यावर 'बंद' लिहिलेली पत्र्याची पाटी अडकवली. मग पुन्हा रांगेकडे वळून म्हणाल्या, "हे माप माझ्या ताब्यात होतं. रोज सकाळी मी वाचत होते. चूक यंत्राची असेल, पण ती महिनाभर दिसली नाही ती माझ्यामुळे. वजनमापे खात्याला आत्ता कळवते. उरलेल्या तीन नोझलवरही, खात्याचं माप येईपर्यंत, ज्याला घ्यायचं नसेल त्यानं घेऊ नये. पुढं चौकापलीकडे दुसरा पंप आहे."

सहासात गाड्या खरोखरच वळल्या. एक जण जाताना म्हणाला, "लबाडी करून वर भाषण." पोस्टातले गृहस्थ मात्र एक नंबरपाशी स्कूटर लावून उभे राहिले. "मला एकशे दहाचं," ते म्हणाले. "पोच्यासकट."

आत खोलीत पंखा खडखडत होता. दाते बसले नाहीत.

"आपण जिंकलेला दावा हरायला निघालात, बाई. तो पोरगा सॉरी म्हणाला होता."

"म्हणाला होता, साहेब. म्हणून तर."

"नवं माप मागवलं असतं. मेकॅनिक आला असता. सगळं नीट झालं असतं. त्याला कॅमेरा कशाला लागतो?"

"पहिल्या भरतीला उणे तीस आलं तेव्हा कॅमेरा होता. दुसरीला उणे पंधरा आलं तेव्हाही होता. तिसऱ्या गोष्टीलाच बंद केला असता, तर आधीच्या दोन्ही खोट्या ठरल्या असत्या."

दात्यांनी टेबलावरची वही बाजूला सरकवली. मग म्हणाले, "वजनमाप्यांचा नंबर टेबलाच्या काचेखाली आहे."

निरीक्षक दुपारी आपले माप घेऊन आले. त्यांनी यंत्रांवरचे शिक्के पाहिले. ते शाबूत होते. एक, दोन आणि चार नंबर पाच-दहा मिलिलिटरच्या आत निघाले. तीन नंबरला त्यांनी तीनदा भरती घेतली. तिन्ही वेळा उणे चाळीस. ते नोझल मोहोरबंद झाले, जुने माप ताब्यात घेतले गेले आणि पंपाला रीतसर नोटीस मिळाली. कोर्टात न जाता प्रकरण मिटवायचे तर तडजोडीचा दंड भरावा लागणार होता. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने तीन नंबरच्या आतली एक झिजलेली झडप काढून हातावर ठेवली. बघायला ती अगदी क्षुल्लक होती.

मेकॅनिक गेला त्या संध्याकाळी सीतारामभाऊ दाराशी घुटमळले. टोपी हातात होती.

"ताई, त्यो पोचा माझ्या हातनं पडलाय. मागल्या म्हयन्यात, ओट्याच्या कडंला आपटलं व्हतं. मला वाटलं, एवढ्यानं काय हुतंय. तुम्ही सगळ्यांसमोर सोतावर घेतलं."

"मला वाटलंच होतं, भाऊ."

"मग माझं नाव का नाय घेतलं?"

"आपटलं तुमच्या हातून. वाचलं मी." त्या खांदा चोळत म्हणाल्या. "ज्यानं हे काम शिकवलं, त्याच्या हातातलं भांडं तपासायला मला लाज वाटत होती. ती लाज चुकीची होती. उद्यापासून तुम्ही माझं तपासा, मी तुमचं."

आयुषने व्हिडिओ टाकला. कुठेही न कापता, सगळाच्या सगळा. दोन दिवसांत तो हजारो लोकांनी पाहिला. कोणी लिहिले की अशी माणसे उरली नाहीत. कोणी लिहिले की पंपवाल्यांनी पैसे देऊन करून घेतलेली जाहिरात आहे. अक्षताने घरी तो पाहून विचारले, "आई, सतराला तू का थांबलीस?" श्यामलाताई म्हणाल्या, "अठरा आठवेना." 

एक तारीख आली आणि गेली. दात्यांनी त्या दिवशी त्यांना बोलावून घेतले होते.

"कंपनीला तुमचं नाव या महिन्यात कळवत नाही," ते म्हणाले. "आत्ता खुर्ची दिली तर लोक म्हणतील, तमाशाचं बक्षीस. आणि नोटीस ताजी आहे, तिच्यावर तुमची जबाबदारी लिहिली गेली आहे, ती पुसता येत नाही. हा महिना बाहेरच काढावा लागेल. खांद्याचं काय ते बघा."

"बरोबर आहे," श्यामलाताई म्हणाल्या. त्यांना ते खरोखरच बरोबर वाटले होते, दुखले तरीही.

तो महिना त्यांनी बाहेर काढला. रात्री खांद्याला शेक, सकाळी पंप. उजव्या हाताने जमत नव्हते म्हणून त्या डाव्या हाताने नोझल धरायला शिकल्या. गिऱ्हाईक पहिले पंधरा दिवस रोडावले, मग हळूहळू पूर्वपदावर आले. त्यात काही नवी गिऱ्हाइके होती. खडकीहून वाट वाकडी करून यायची आणि मुद्दाम तीन नंबरलाच रांग लावायची. महिना संपला त्या दिवशी दात्यांनी कोणताही समारंभ न करता कंपनीला पत्र पाठवले आणि त्याची एक प्रत टेबलावर ठेवून ते जेवायला घरी निघून गेले.

श्यामलाताई आता आतल्या खुर्चीवर बसतात. पण सकाळचे माप त्यांनी खोलीतून करायचे नाकारले. ते आता उघड्यावर, रांगेसमोर होते. नवे माप आधी पंपावरच्या सगळ्यांच्या हातांतून फिरते. प्रत्येक जण त्याच्या पोटावरून तळवा फिरवतो आणि मगच पुढच्याकडे देतो. कंपनीच्या एका अधिकाऱ्याने हा प्रकार पाहून विचारले होते की हे कुठल्या नियमात आहे. श्यामलाताईंनी सांगितले की नियमात नाही, पण नियमाच्या विरुद्धही नाही. अधिकाऱ्याने डायरीत काही तरी लिहून घेतले.

आता सकाळच्या रांगेतल्या काही लोकांना हे पाहण्याची सवयच लागली आहे. परवा पोस्टातले ते गृहस्थ भांडे ओले होऊन तीस मोजून होईपर्यंत थांबले, आणि रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काय हो मॅनेजरबाई, आज तीन नंबरनं किती चोरलं?"

श्यामलाताई भांड्याच्या मानेपाशी वाकल्या होत्या. मान न वळवता त्यांनी उत्तर दिले, "पाच मिलिलिटर. तुमच्या चष्म्याची काच पुसायला पुरेल तेवढं."

"मग भरा," ते म्हणाले. "एकशे दहाचं."